कॅन्सरचे उपचार संपल्यानंतर: संशोधन काय सांगते आणि कोणती योजना कुठे उपयोगी पडते

समजा, मध्य प्रदेशातील विदिशा जिल्ह्यातल्या एका शेतमजुराला तोंडाचा कॅन्सर झाला. आयुष्मान कार्डावर शस्त्रक्रिया झाली, रेडिएशनही झाले. "दर दोन महिन्यांनी दाखवायला या," असे सांगून डॉक्टरांनी घरी सोडले. पहिल्या दोन तारखा त्याने पाळल्या. तिसऱ्या तारखेला सोयाबीनची काढणी होती, तिकिटाला पैसे नव्हते आणि दुखतही काही नव्हते. तो गेला नाही. दरम्यान तोंड उघडणे कमी होत गेले, भाकरी गिळवेना, वजन उतरले. आजार परत आला म्हणून नव्हे, तर उपचारांचे परिणाम मागे राहिले आणि त्यांची काळजी कोणी घेतली नाही म्हणून.

हा माणूस काल्पनिक आहे, पण कोणत्याही कॅन्सर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासभर बसलात तर अशीच हकिकत ऐकू येईल. उपचारांचा खर्च भागवणाऱ्या योजनांची माहिती आता बऱ्याच जणांना असते. उपचार संपल्यानंतरच्या वर्षांबद्दल मात्र कोणी फारसे सांगत नाही. या काळात काय करावे यावर देशात आणि परदेशात बरेच संशोधन झाले आहे. त्यातील काही निष्कर्ष तर पैसे वाचवणारे आहेत.

कोणाला 'कॅन्सरमधून वाचलेला' म्हणायचे?

पूर्वी पाच वर्षे आजार परतला नाही की रुग्ण बरा झाला, असा ढोबळ हिशेब असे. १९८५ मध्ये फिट्झह्यू मुलन या अमेरिकन डॉक्टरने, जो स्वतः कॅन्सरमधून गेला होता, एका वैद्यकीय नियतकालिकात वेगळा विचार मांडला: निदान झाले त्या दिवसापासूनच माणूस कॅन्सरसह जगू लागतो, आणि उपचारांनंतरचा काळ हा त्याचाच एक वेगळा टप्पा आहे. आज या क्षेत्रातील बहुतेक संशोधन हीच व्याख्या धरून चालते. भारतात २०२२ मध्ये सुमारे १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण असतील, असा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज होता. निदान लवकर झाले तर स्तन, गर्भाशयमुख, तोंड यांचे कॅन्सर मोठ्या प्रमाणात बरे होतात. त्यामुळे उपचार पूर्ण करून घरी परतलेल्यांची संख्या वाढतच जाणार आहे.

दर वेळी मोठा स्कॅन लागतोच असे नाही

उपचार संपल्यावर घरच्यांची पहिली मागणी असते, "एकदा सगळ्या अंगाचा स्कॅन करून घ्या." भीती खरी असते आणि तिच्यापोटी अनेक कुटुंबे कर्ज काढून दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करतात.

स्तनाच्या कॅन्सरबाबत हा प्रश्न इटलीत तपासला गेला. १,३२० महिलांचे दोन गट केले. एका गटाची ठरावीक काळाने हाडांचा स्कॅन, यकृताची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे अशी सगळी तपासणी होत राहिली. दुसऱ्या गटाची फक्त डॉक्टरांकडून तपासणी आणि मॅमोग्राफी झाली, बाकीच्या चाचण्या लक्षणे दिसली तरच. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक नव्हता. कॅनडातील ९६८ महिलांच्या अभ्यासात असेही दिसले की, नियमित तपासणी कॅन्सरतज्ज्ञांऐवजी नेहमीच्या डॉक्टरांनी केली तरी आजार परतल्याने होणाऱ्या गंभीर घटना वाढल्या नाहीत. तो निष्कर्ष २००६ मध्ये आला.

याचा आपल्यासाठी अर्थ असा. स्तनाचा कॅन्सर झालेल्या, कोणतेही लक्षण नसलेल्या बाईने वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना शारीरिक तपासणी करून घेणे महत्त्वाचे आहे. लक्षण नसताना महागडे स्कॅन करण्याने आयुष्य वाढत नाही. मात्र हा नियम सगळ्या कॅन्सरना लावू नका. आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्ताची ठरावीक चाचणी आणि दुर्बिणीची तपासणी वेळेवर व्हावीच लागते. तुमच्या बाबतीत कोणती चाचणी आवश्यक आणि कोणती नुसत्या समाधानासाठी, हे डॉक्टरांना सरळ विचारा.

तोंड, मान आणि आवाज

आपल्याकडे तंबाखूमुळे होणारे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर खूप. त्यामुळे हा भाग थोडा सविस्तर.

शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर जबड्याचे स्नायू आखडतात. आपली स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तोंड उघडणे कमी झाले आहे असे समजा. संशोधनात ३५ मिलिमीटर ही मर्यादा धरतात. उपाय महाग नाही: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. अनेक रुग्णालयांतील फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात. पण ते दिवसातून अनेक वेळा आणि महिनोन्‌महिने करावे लागते. आखडलेला जबडा वर्षभराने सोडवणे अवघड जाते, म्हणून व्यायाम उपचारांच्या काळातच शिकून घ्यावा.

रेडिएशनमुळे लाळ कमी होते आणि दात किडतात. गावातील दंतवैद्याने किडलेला दात नेहमीसारखा काढला तर जखम भरत नाही, जबड्याचे हाड कुजू शकते. दात काढण्यापूर्वी "मला तोंडावर किंवा मानेवर शेक दिला आहे" हे सांगितलेच पाहिजे. मानेवर रेडिएशन झालेल्यांनी थायरॉइडची रक्तचाचणी दर सहा ते बारा महिन्यांनी करावी. थकवा, वजन वाढणे, थंडी वाजणे याला लोक अशक्तपणा समजतात आणि टॉनिक घेत राहतात. बऱ्याचदा गरज असते ती थायरॉइडच्या स्वस्त गोळीची.

स्वरयंत्र काढलेल्या माणसाचा आवाज जातो. परदेशी बनावटीचा कृत्रिम स्वर-झडप बसवण्याचा खर्च अनेकांना परवडत नाही, आणि ती झडप ठरावीक काळाने बदलावीही लागते. बंगळुरूचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्याने 'ओम' नावाची अशी झडप तयार केली. तिची किंमत त्यांनी सुमारे ५० रुपये ठेवली. प्रत्येकाला ती बसेलच असे नाही, पण पैसे नाहीत म्हणून मुके राहणे हा एकच मार्ग उरलेला नाही.

तंबाखू सोडली नसेल तर आजही सोडता येते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर मोफत समुपदेशन मिळते. "आता होऊन गेले, सोडून काय उपयोग?" असे म्हणणारे भेटतात. उपयोग आहे: दुसरा नवा कॅन्सर होण्याचा धोका तंबाखू चालू ठेवणाऱ्यांना जास्त असतो.

हाताची सूज, चालणे आणि योग

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्यावर काही महिलांचा हात सुजतो. त्यांना वर्षानुवर्षे सांगितले जात असे की, त्या हाताने वजन उचलू नका. ज्या बाईला विहिरीवरून पाणी आणायचे आहे किंवा लेकराला कडेवर घ्यायचे आहे, तिने हे पाळायचे कसे? २००९ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात हात आधीच सुजलेल्या १४१ महिलांना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला शिकवले. सूज वाढली नाही. उलट सूज अचानक भडकण्याचे प्रकार कमी झाले आणि हाताची ताकद वाढली. याचा अर्थ उद्या सकाळी पूर्ण भरलेला हंडा उचलावा असा नाही. अर्धी कळशी, मग पाऊण, अशा बेताने आणि फिजिओथेरपिस्टला विचारून. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

व्यायामाबद्दलचा सर्वात मोठा पुरावा २०२५ मध्ये आला. आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीनंतर निम्म्या रुग्णांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या मदतीने व्यायाम करायला लावला, उरलेल्यांना फक्त माहितीपुस्तिका दिली. पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेले पहिल्या गटात सुमारे ८० टक्के होते, दुसऱ्या गटात ७४ टक्के. व्यायाम म्हणजे जिमच हवी असे नाही, बरेच जण झपाझप चालत होते.

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० महिलांवर योगाची चाचणी केली आणि २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले. उपचारांच्या वेगवेगळ्या टप्प्यांना झेपतील अशी आसने, श्वसन आणि विश्रांती यांचा क्रम त्यासाठी खास आखला होता. योग करणाऱ्या महिलांचे जगणे सुसह्य झाले आणि आजारमुक्त राहण्याच्या काळातही सुधारणा दिसली, असे केंद्राने सांगितले. या सगळ्या महिलांचे नेहमीचे उपचार चालूच होते. योग त्याच्या जोडीला होता. औषध बंद करून फक्त योग करा, असे सांगणारा कोणीही या संशोधनाचा आधार घेत असेल तर तो दिशाभूल करतो आहे.

भूक आणि मन

"अन्न बघूनच नको वाटते" ही तक्रार घरच्यांना नाटक वाटते. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतील डॉक्टरांनी जठर, फुप्फुस, यकृत-स्वादुपिंड अशा अवयवांचा पुढच्या टप्प्यातील कॅन्सर असलेल्या १२४ रुग्णांवर अभ्यास केला. केमोथेरपीबरोबर ओलॅन्झापिन या गोळीचा अगदी कमी डोस, २.५ मिलिग्रॅम, रोज दिला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भूक आणि वजन दोन्ही स्पष्टपणे सुधारले. ही गोळी मुळात मानसिक आजारांसाठी वापरतात. त्यामुळे औषध दुकानात कोणी "हे तर डोक्याचे औषध" म्हणाले तर घाबरून बंद करू नका, आणि डॉक्टरांनी न सांगता स्वतःहून सुरूही करू नका.

मनाचे दुखणे यापेक्षा अवघड. आजार परतेल ही भीती, तपासणीच्या तारखेआधी झोप उडणे, नवरा किंवा बायको दूर राहणे, कामावरून काढले जाणे. यावर बोलण्यासाठी टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते आणि फोनला पैसे लागत नाहीत.

शरीराच्या तक्रारी डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याचेही महत्त्व आहे. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात ७६६ रुग्णांवर अभ्यास झाला. मळमळ, धाप, वेदना अशा तक्रारी संगणकावर नियमित नोंदवणारे रुग्ण केमोथेरपीच्या काळात फक्त नेहमीची तपासणी झालेल्या रुग्णांपेक्षा सरासरी पाच महिने जास्त जगले, कारण त्रास वाढण्याआधीच नर्सला कळत होते. आपल्याकडे साध्या वहीत तारीख घालून लिहिले तरी चालेल. डॉक्टर मिळतात पाच मिनिटे, तेव्हा निम्मे विसरायला होते.

लहानपणी कॅन्सर झालेली मुले

मुलांमधील काही ब्लड कॅन्सर बरे होण्याचे प्रमाण चांगले आहे. त्या मुलांपुढे साठ-साठ वर्षांचे आयुष्य असते. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांचा हृदयावर परिणाम दहा-वीस वर्षांनीही दिसू शकतो. काही औषधांनी मूल होण्यात अडचण येते, मेंदूवरील रेडिएशनमुळे उंची आणि अभ्यास मागे पडू शकतो. म्हणूनच टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ मध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र दवाखाना सुरू झाला. या मुलांना आज काय त्रास होतात याची माहिती भारतात गोळा होऊ लागली ती अशा दवाखान्यांमुळे. लहानपणी बरे झालेल्या आणि आता मोठ्या झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ पासून काम करतो.

पालकांची अडचण वेगळीच असते. मुलीचे लग्न ठरवताना आजार लपवतात आणि मग जुन्या फायलीही फेकून देतात. पुढे ती गरोदर राहिली की तिच्या हृदयाची तपासणी आधी व्हायला हवी, हे प्रसूतीच्या डॉक्टरांना कळायला मार्गच राहत नाही. आजार कोणाला सांगायचा हा तुमचा निर्णय, पण फाइल जपा.

उपचारांचा सारांश मागून घ्या

२००६ मध्ये अमेरिकेतील एका राष्ट्रीय समितीने शिफारस केली की, उपचार संपताना प्रत्येक रुग्णाला लेखी सारांश आणि पुढील तपासण्यांचे वेळापत्रक द्यावे. नंतर कॅनडात ४०८ महिलांवर हे करून पाहिले, तर नुसत्या कागदाने त्यांची चिंता कमी झाली नाही. पण तिथे प्रत्येकीला ठरलेला कौटुंबिक डॉक्टर होता. आपल्याकडे शस्त्रक्रिया मुंबईत, केमोथेरपी नागपुरात आणि ताप आला की तालुक्याचा दवाखाना, अशी वाटणी असते. इथे तो कागद नसेल तर पुढचा डॉक्टर अंधारात असतो. सारांशात निदान आणि टप्पा, शस्त्रक्रियेची तारीख, केमोथेरपीतील औषधांची नावे व एकूण डोस, रेडिएशन कुठे व किती, चालू गोळ्या आणि पुढची तारीख एवढे असावे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

खर्च: कोणते कार्ड कुठे चालते

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, वेगळे कार्ड मिळते. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आणि ठरलेल्या पॅकेजसाठी आहे. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुटीनंतरचे १५ दिवस यांचा खर्च त्यात धरलेला असतो. पुढची बाह्यरुग्ण तपासणी साधारणपणे धरलेली नसते, आणि अनेक कुटुंबांची फसगत इथेच होते. मात्र स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच किंवा त्याहून अधिक वर्षे घ्याव्या लागणाऱ्या टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोलसारख्या गोळ्या पॅकेजच्या यादीत आहेत. गोळ्या महाग म्हणून बंद करण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा किंवा १४५५५ वर फोन करा. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काही उपचारांसाठी पाठपुराव्याची स्वतंत्र पॅकेजेस ठेवलेली आहेत. तुमच्या आजाराला ते लागू आहे का, हे १५५३८८ वर विचारता येते.

योजनेबाहेरच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी राष्ट्रीय आरोग्य निधीअंतर्गत आरोग्यमंत्री कर्करोग रुग्ण निधी आहे. त्यातून आधीच केलेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही, म्हणून अर्ज उपचारांपूर्वी करावा लागतो.

प्रवासाचे काय? रेल्वेची सवलत फक्त उपचारांसाठी नाही, ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीसाठीही आहे, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. स्लीपर व एसी थ्री टियरमध्ये रुग्णाला मूळ भाड्यात पूर्ण सूट आणि एका सोबत्याला ७५ टक्के. सेकंड क्लास, फर्स्ट क्लास व एसी चेअर कारमध्ये दोघांना ७५ टक्के, एसी फर्स्ट व टू टियरमध्ये ५० टक्के. रुग्णालयाचे ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र तिकीट खिडकीवर दाखवावे लागते. ते घरी निघताना पुढच्या तारखेसाठीच घेऊन ठेवा. जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. तुमच्या जिल्ह्यात केंद्र सुरू झाले असेल तर मधल्या काही तपासण्या तिथे करता येतील का, हे मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांना विचारा.

आणखी एक हक्क दुर्लक्षित राहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वरयंत्र काढल्यामुळे आलेल्या कायमच्या वाचादोषाचा स्पष्ट उल्लेख आहे. हाडाच्या कॅन्सरमुळे पाय गमावलेली व्यक्ती अस्थिव्यंगात येते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली की यूडीआयडी कार्ड मिळते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर कृत्रिम पाय व इतर साधनांसाठी एडीआयपी योजनेत अर्ज करता येतो. त्यात उत्पन्नाची अट आहे.

संशोधनात सहभागी व्हाल का, असे विचारले तर

वर सांगितलेले सगळे निष्कर्ष कोणीतरी 'हो' म्हटल्यामुळे हाती आले. तुम्हालाही रुग्णालयात विचारले जाऊ शकते. नव्या औषधाची चाचणी असेल किंवा नुसती प्रश्नावली, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी माहिती मिळाली पाहिजे. नाही म्हटले तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत, आणि हो म्हटल्यावरही कधीही बाहेर पडता येते. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत आहे. सही करण्यापूर्वी कागद घरी नेऊन कोणाकडून तरी वाचून घ्यायला वेळ मागा. सही केलेल्या संमतिपत्राची एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. ती उपचारांच्या फाइललाच लावून ठेवा.